बुजलेली कुंडी आणि बांधावरचा देव

मी आयुष्यात एकदा देव पळवला आहे. भर दुपारी, उघड्या वावरातून, आणि तोही सासरचा. एकटीने नाही; देवाची एक बाजू माझ्या मोठ्या जाऊबाईंनी धरली होती. आज हे मी हसत लिहिते आहे. पण ज्या दिवशी ते उघडकीला आलं, तो दिवस आठवला की अजून लेखणी थबकते.

सासर कोरीटच्या शिवारातलं. स्वराज्य यायला अजून दहा-बारा वर्षं होती. माझं माहेर खापरचं, वडील शाळामास्तर, त्यामुळे मला पुस्तकी मराठी लिहिता-वाचता येत होतं आणि सासरी त्याचा काडीचा उपयोग नव्हता. घरात अहिराणी, वावरात अहिराणी, बैलांशीही अहिराणीच. माणसं पाच: सासरे, जेठ म्हणजे माझे थोरले दीर, मोठ्या जाऊबाई, माझा नवरा आणि मी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या.

रीत अशी होती की सुनेने सासऱ्यांशी बोलायचं नाही. पदर नाकापर्यंत, नजर जमिनीवर. काही सांगायचंच झालं तर भिंतीला सांगायचं, किंवा गाईला, किंवा चुलीला. सासऱ्यांनी ते ऐकून घ्यायचं. तेही उत्तर भिंतीलाच देत. आमच्या घरातली पश्चिमेकडची भिंत इतकं ऐकून होती की तिला बोलता आलं असतं तर तिने गावात पंचायत भरवली असती.

तर देव. आमच्या मोठ्या वावराच्या बांधावर, बोराटीच्या जाळीत एक शेंदूर फासलेला दगड होता. घागरीएवढा, पण वजनाला भरल्या तीन घागरींचा. नवी नवरी म्हणून मी पहिल्यांदा वावरात गेले तेव्हा तो गुडघाभर गवतात, चिखलात बसलेला दिसला. त्याच्यासमोर ना दिवा, ना फूल. मला वाईट वाटलं हे खरं. पण त्याहून खरं हे की मला घरातून बाहेर पडायला निमित्त हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चुलीशी बसून जाऊबाईंना सांगितलं, "देव सपनमा उना व्हता. म्हने, मन्हा पाय चिखलमा शेतस, माले आठून उचला."

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचाही जीव घरात कोंडलेला होता. म्हणाल्या, "देव सांगस मंग काय करशी? जानंच पडी."

आम्ही दोघींनी तो दगड उचलला. बोराटीने माझं लुगडं फाडलं, जाऊबाईंची एक बांगडी फुटली, तीनदा खाली ठेवून दम खाल्ला, आणि बांधाबांधाने चालत त्याला चांगल्या कोरड्या जागी, कडुलिंबाच्या सावलीत बसवलं. शेंदूर नवा लावला. गूळ वाटला, त्यातला निम्मा आम्हीच खाल्ला. पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या वावरातल्या एका बाईने पोराच्या खोकल्यासाठी त्याला नारळ बोलला, खोकला थांबला, आणि देवाचं नशीब फळफळलं. बाया पलीकडच्या शिवारातूनही येऊ लागल्या. पुरुषांनी काही विचारलं नाही. बायकांचा देव कुठे बसतो ते पाहायला त्यांना वेळ नसतो.

दोन वर्षं गेली आणि ती झड लागली.

पाऊस येतो तसा जातोही, पण झड येते ती मुक्कामाला. अकरा दिवस ऊन नाही. चुलीत लाकूड पेटेना, गोवऱ्यांना बुरशी आली, घोंगड्यांना बैलांचा वास आणि बैलांना घोंगड्यांचा. बाराव्या दिवशी आभाळ जरा उघडलं, थोडा उजेड पडला, आणि जेठ वावरात जाऊन आले. भाकरीला हात न लावता म्हणाले, "कपाशी पानीमा उभी शे. मान टाकी ऱ्हायनी."

काळी जमीन ही अशी. ती पाणी पिते, पिते, आणि पोट भरलं की सोडत नाही. कपाशीची मुळं त्यात गुदमरतात, पानं आधी पिवळी, मग लालसर, आणि चार-सहा दिवसांत झाड उपटलं तर मूळ हातात काळं येतं. आमच्या वावराला मात्र इलाज होता. सासऱ्यांनी ऐन तारुण्यात वावराच्या पोटातून दगडी नाली नेली होती. कंबरभर खोल चर, तळाला दोन्ही बाजूंना दगड, वर चपट्या चिपा, त्यावर मुरूम, आणि मग माती. वरून कपाशी पेरा, बैल चालवा, खाली नाली आहे हे कळायचंही नाही. वावरातलं जास्तीचं पाणी झिरपून तिच्यात उतरे आणि दोनशे पावलांवर नाल्यात पडे. दोन उन्हाळे ती बांधली. सासरे खणत आणि सासूबाई दगड लावत. गावात म्हणत, नवरा-बायकोने वावरात साप पुरला आहे.

आता नाल्याच्या काठावर नालीचं तोंड कोरडं होतं. अकरा दिवसांची झड आणि तोंडातून थेंब नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं वावरात उभे होते. चौथी मी, भाकरी घेऊन जाऊबाईंबरोबर जाणार होते, पण मला राहवलं नाही, म्हणून आधीच गेले. जाऊबाई मागून टोपली घेऊन येत होत्या.

"बा, नाली मरी गयी," जेठ म्हणाले. "आते उघडा चर काढना पडी. मधमधून, आठून नालापावत."

"नाली मरत नही," सासरे म्हणाले. "तिनं नाक बंद व्हयनं शे. मधमा कुंडी शे, तठे गाळ बसस. कुंडी साफ करा, मोकळी व्हई जाई."

"कुंडी कोठे शे, ते सांग."

"सांगस."

उघडा चर म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. उभ्या कपाशीतून पाच-सहा ओळी जाणार, वावराचे कायमचे दोन तुकडे होणार, आणि चर जिथून जाणार तिथेच नाली होती. दगड न दगड उपटून निघणार होता. सासरे मागे वळले. काठी टेकत बांधाकडे निघाले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, रंग तेवढे कळत. गुडघ्यांमुळे दोन-तीन वर्षांत ते वावराच्या त्या टोकाला गेलेच नव्हते.

जेठ माझ्या नवऱ्याला म्हणाले, पण सासऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "दुपारपावत वाट दखसू. मंग चर."

दुपारपर्यंत सासऱ्यांनी तीन खड्डे खणवले. जागा दाखवायचे, माझा नवरा कुदळ मारायचा, कंबरभर खाली जायचा, आणि निघायची काळी, लोण्यासारखी, बिनदगडाची माती. खड्ड्यात लगेच पाणी भरे. तिसऱ्या खड्ड्यानंतर जेठ हसले, आणि ते हसणं वाईट होतं. म्हाताऱ्या माणसाला लहान पोरासारखं समजून घेताना हसतात तसलं. "बा, घर जा तू. आराम कर."

सासरे घरी गेले नाहीत. परत बांधावर गेले. मी आणि जाऊबाई कडुलिंबाच्या अलीकडे भाकरीची टोपली घेऊन बसलो होतो, म्हणून ते आम्हांला दिसलं. शेंदराच्या लाल रंगाच्या रोखाने जाऊन त्यांनी वाकून हाताने चाचपून देव शोधला. देवाच्या डोक्यावर तळहात ठेवला. मग मावळतीकडे तोंड केलं आणि पावलं टाकायला लागले. ओठ हलत होते. एक, दोन, तीन.

जाऊबाईंच्या हातातला कांदा खाली पडला. "माय वं! ह्या देवपासून मोजी ऱ्हायनात!"

मला घाम फुटला. बारा दिवस ऊन नव्हतं आणि मला घाम.

"गप ऱ्हाय," जाऊबाई पुटपुटल्या. "तोंड उघडू नको. चर व्हई जाऊ दे. कपाशी पुढला वरीसले बी येस."

कपाशी पुढच्या वर्षी येते हे खरं होतं. पण त्या माणसाचा शब्द घरात पुन्हा उभा राहिला नसता. त्या दुपारनंतर बी कधी टाकायचं, बैल कोणता घ्यायचा, काहीच कुणी त्यांना विचारलं नसतं. आणि सासूबाईंनी लावलेले दगड नाल्याच्या काठावर ढीग होऊन पडले असते. हे सगळं माझ्या एका खोट्या स्वप्नापायी.

जेठ आणि माझा नवरा चर धरायला शेजारच्या वावरातून आणखी दोन पावडी मागायला गेले. सासरे बांधावर एकटे बसले. शेजारी आमचा पांढरा बैल बांधलेला, ओलं गवत चघळत. मी पदर नाकापर्यंत ओढला, उठले, आणि बैलापाशी जाऊन उभी राहिले. सासऱ्यांकडे पाठ, बैलाकडे तोंड. नाटकात अशी उभी राहिले असते तर लोकांनी शिट्या मारल्या असत्या.

"बैलदादा," मी म्हणाले, "जरा तुम्हना मालकले सांगा. त्या ज्या देवपासून मोजी ऱ्हायनात ना, तो देव त्याना जागावर नही. आम्ही त्याले हालवा व्हता."

बैल चघळत राहिला.  मागे काठी ओल्या मातीवर एकदा टेकल्याचा आवाज आला.

"बैल्या," सासरे म्हणाले, "तिले इचार, कवय?"

"दोन वरीस व्हयनात."

"कसाले?"

"देवना पाय चिखलमा व्हतात."

"बैल्या, तिले सांग, देव सपनमा उना व्हता इतलंच मी आयकं व्हतं."

इथे बैलाने शेपटी फिरवली आणि चिखलाचा एक फटका माझ्या गालावर बसला. तेवढी शिक्षा मला पुरेशी वाटली, म्हणून मी खरं बोलले. "नही उना, बैलदादा. मी खोटंच सांगं व्हतं."

मागून जो आवाज आला तो आधी मला खोकला वाटला. म्हातारा हसत होता. हसता हसता काठी हातातून सुटली. "बैल्या, तिले सांग, तो देव नहीच शे. ती मन्ही खूण. दगड कोनी उचलाले नको मनीसन मी त्याले शेंदूर फासा व्हता!"

म्हणजे दगड कुणी हलवू नये म्हणून त्यांनी त्याचा देव केला, आणि देव झाला म्हणूनच आम्ही तो हलवला. शेंदूर नसता तर त्या दगडाकडे मी ढुंकूनही पाहिलं नसतं.

तेवढ्यात जेठ पावडी खांद्यावर घेऊन आले. मागे माझा नवरा. सासऱ्यांचं हसणं पाहून जेठ अधिकच काळजीत पडले. बापाचं डोकं फिरलंच, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. सासरे उठले, अंगावरची माती झटकली आणि म्हणाले, "थांबा. जागा चुकनी व्हती. मीच इसरी गऊ रे. म्हातारपन शे."

माझ्यासाठी. सुनेचं नाव येऊ नये म्हणून. तीन खड्ड्यांपासून ज्या एका गोष्टीसाठी तो माणूस भांडत होता, ती त्याने अशी हातावरचं पाणी सोडावं तशी सोडून दिली.

जेठ म्हणाले, "मी सकायथून तेच सांगी ऱ्हायनू."

मग मात्र माझं तोंड माझ्या ताब्यात राहिलं नाही. बैल नाही, भिंत नाही, सरळ चार माणसांच्या देखत मी बोलले. "त्या काहीच इसरनात नहीत. देव मी हालवा."

 माझा नवरा आभाळाकडे पाहू लागला. आणि ज्यांनी मला गप्प राहायला सांगितलं होतं त्या जाऊबाई टोपलीपाशी उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवला आणि गरजल्या, "एकलीनी नही! एक बाजू मी धरी व्हती!"

"आते बाया देव पळवाले लागन्यात!" जेठ म्हणाले. पण खांद्यावरची पावडी त्यांनी खाली ठेवली.

पुढे मी आणि मागे सासरे, असे आम्ही बांधावरून चाललो. सुनेने पुढे चालायचं नसतं, पण जागा मलाच ठाऊक होती. पहिला विसावा, दुसरा विसावा, तिसरा. बोराटीची जाळी दुप्पट वाढली होती आणि तिने माझी जुनी ओळख ठेवून पुन्हा लुगडं धरलं. गवत बाजूला केलं तर खाली एक चपटी चीप, आणि तिच्यावर शेंदराचा वाळलेला लाल गोल.

सासऱ्यांनी तिच्यावर पाय ठेवला, मावळतीकडे तोंड केलं आणि मग थांबले. मोठ्या मुलाला हाक मारली. "तू चाल. मन्ही ढांग आते ल्हानी व्हयनी. तवय तुन्हाइतली व्हती. सतरा मोज."

जेठ चालले. सतराव्या पावलाला माझ्या नवऱ्याने कुदळ मारली. गुडघाभर, मांडीभर, आणि मग ठण्ण. तो आवाज ऐकून बैलाने मान वर केली.

पहारीने चीप उचलली. खाली हौदासारखी दगडी कुंडी, तोंडापर्यंत गाळाने भरलेली. दोघा भावांनी टोपल्या भरभरून गाळ काढला. तरी पाणी जाईना. नाल्याकडे जाणारं भोक जेमतेम मूठभर रुंद, आत थोडं वळलेलं, आणि वळणावर काहीतरी अडकलेलं. जेठांचा हात कोपरापर्यंत जाऊन अडे. माझ्या नवऱ्याचाही. काठी वळणावर टेकून मोडली.

"तठे तिना हात जाये," सासरे म्हणाले. कुणाचा ते कुणी विचारलं नाही.

सगळ्यांनी आमच्या हातांकडे पाहिलं. जाऊबाईंनी आपला दंड वर करून दाखवला. "माले दखू नका. हाऊ हात नही, गाडानं जू शे."

मी बांगड्या वर सारून चिंधीने बांधल्या, कुंडीच्या काठावर पालथी झोपले आणि हात आत घातला. जाऊबाईंनी माझे पाय धरले.

"खेकडा चावना तर?" मी विचारलं.

"चावू दे," जाऊबाई म्हणाल्या. "तू सोडू नको."

कोपर गेलं, दंड गेला, गाल चिखलाला टेकला. वळणापलीकडे बोटांना केसांसारखं काही लागलं. बाभळीची मुळं. पाण्याच्या ओढीने नालीत शिरून त्यांची जाड वेणी झाली होती आणि वेणीत गाळ बसला होता. आत हाताखाली एकेक दगड लागत होता, गुळगुळीत, शेजारच्या दगडाला नीट बसवलेला. मी वेणी मुठीत धरली आणि ओढली. नाही आली. शिवी दिली, अहिराणीत, सासऱ्यांच्या देखत. मग आली. सगळी, हातभर लांब, आणि तिच्यामागे नालीने अशी एक ढेकर दिली की जाऊबाईंनी माझे पाय सोडले आणि मी तोंडावर पडले.

पाणी फिरलं. कुंडीत आधी एक खळगा पडला, मग भोवरा, आणि मग खालून, जमिनीच्या पोटातून, घरघर ऐकू येऊ लागली. पदर कुठे गेला होता कोण जाणे. केसांत चिखल, नाकात चिखल.

"ऊठ, माय," सासरे म्हणाले. मला. भिंतीला नाही.

भाऊ कुंडीपाशी राहिले. सासरे नालीचं तोंड पाहायला नाल्याकडे निघाले, आणि वाट निसरडी म्हणून मी बरोबर गेले. आम्ही पोचलो तेव्हा तोंडातून काळ्या पाण्याचा दंडाएवढा जाड लोट पडत होता. ते काठावर बसले. मान वाकडी करून बराच वेळ ऐकत राहिले.

"काय रंग शे पानीना?" त्यांनी विचारलं.

"काळा."

"आते?"

"काळाच. थोडा तांबूस."

पाणी पडत राहिलं. पलीकडे बगळे उतरले. टोपलीत भाकरी वाळत होती आणि सकाळपासून त्यांच्या पोटात काही नव्हतं. त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हा मी म्हणाले, "नितळ व्हयनं. उठा, जेवाले चाला."

ते पुढे वाकले, धारेखाली बोटं धरली आणि अंगठ्याने चोळून पाहिली.

"खोटं बोलस," ते म्हणाले. "गाळ शे आजून. बस."

मी बसले.